बाया कुठी हसतात

परवा घरी टीव्हीवर एक जुना विनोदी हिंदी पिक्चर लागला होता. मी मजेत पाहत बसले होते. नायक नायिकेच्या सायकलीपुढे आडवा झाला, ती चिडली, तो गायला लागला. माझी नात एकदम म्हणाली, "आजी, ती नको म्हणते आहे ना? तुम्ही लोक यावर हसायचात?" माझी बाजू सावरावी म्हणून सून म्हणाली, "अगं, तो काळच तसा होता. तेव्हा कोणाला खटकत नसे."

"कोणाला खटकत नसे?" मी इतक्या जोरात म्हणाले, की नातीनं टीव्हीचा आवाजच बंद केला.

खटकत होतं! पिक्चर लागला त्या पहिल्या दिवशी, तीनच्या खेळाला खटकत होतं. फक्त ज्यांना खटकत होतं त्या सगळ्या वर बसलेल्या असत, लेडीज क्लासमध्ये, आणि शिट्ट्या खालून येत. शिट्टी ऐकू येते. न हसणं ऐकू येत नाही. ते ऐकू येणारी एकच बाई मला आयुष्यात भेटली, आणि माझं नशीब असं, की पहिल्या नोकरीत मी तिच्याच घरात भाड्यानं राहिले.

एकसष्ट-बासष्टची गोष्ट. धामणगाव रेल्वेहून ट्रंक घेऊन मी अकोल्याला आले, मुलींच्या शाळेत शिकवायला. जठारपेठेत तीन ठिकाणी खोली पाहिली. तिन्ही ठिकाणी आधी खोली रिकामी होती, आणि मी आडनाव सांगितल्यावर ती भरलेली निघाली. चौथं दार तिचं. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, खांद्याला दोरीनं लटकवलेली तीन सेलची लांब बॅटरी, आणि दुपारच्या उन्हात ती त्या बॅटरीची काच पदरानं पुसत उभी. आडनाव तिनं विचारलंच नाही.

"पिच्चर पाहिला का कधी?"

"नाही. घरून परवानगी नव्हती."

"बापा! मास्तरीन झाली आन् पिच्चर नाही पाहिला? मंग पोरीयले काय शिकवशीन? ये, ठेव पेटी."

ती शहरातल्या एका टॉकीजमध्ये लेडीज क्लासची डोअरकीपर होती. सगळं अकोलं तिला बॅटरीवाली मावशी म्हणायचं, म्हणून मीही मावशीच म्हणू लागले. नवरा कपाशीच्या जिनात होता, तो तरुणपणीच गेला. छप्पन साली ती पांढरं लुगडं नेसून नागपूरला दीक्षेला जाऊन आली आणि तेव्हापासून पांढरंच नेसत राहिली. अंधारात ते बरं पडतं, म्हणायची. बायांना मी लांबून दिसतो. वऱ्हाडातली बाई "मी येतो, मी जातो" असंच बोलते. पुण्याकडच्या माणसाला वाटतं ती भांडते आहे. मावशी भांडत नसायची. ती नुसती बोलायची, आणि समोरच्याला भांडण झाल्यासारखं वाटायचं.

बॅटरीचं तिचं एक शास्त्र होतं. अंधारात उशिरा आलेल्या बाईच्या तोंडावर तिनं कधी उजेड मारला नाही. "बॅटरी डोळ्यावर माराची नाही, पायावर माराची. माणसाले रस्ता दाखवाचा, आंधळं नाही कराचं." मी वर्गात एखाद्या मुलीला सगळ्यांदेखत रागावले आणि घरी येऊन ते फुशारकीनं सांगितलं, की ती नुसतं विचारायची, "डोळ्यावर मारली का?" आणि मला दुसऱ्या दिवशी त्या मुलीला मधल्या सुट्टीत जवळ घ्यावं लागायचं.

पण तिचा खरा विक्षिप्तपणा पुढेच आहे. मावशी पिक्चर एकदाच पाहायची, पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवसापासून पिक्चर असेल तोवर ती पडद्याकडे पाठ करून उभी राहायची! लेडीज क्लासच्या पुढच्या कठड्याला टेकून, तोंड बायांकडे. पडद्यावरचा उजेड बायांच्या चेहऱ्यांवर पडायचा आणि ती ते चेहरे पाहायची. तीनचा खेळ, सहाचा खेळ, नऊचा खेळ. दोन आठवडे पिक्चर चालला तर दोन आठवडे.

"मावशी, काय पाहता?"

"बाया कुठी हसतात, थे."

तिच्या मते हसू दोन प्रकारचं. एक पोटातलं आणि एक दातातलं. पोटातलं हसू बाईच्या हातून पदर सोडवतं. दातातल्या हसूला बाई पदर तोंडाशी धरते, शेजारणीकडे बघते, ती हसली तर आपण हसते. "दातातलं हसू भेवाचं राह्यते. आपल्याले समजलं नाही असं कोनी म्हनू नये म्हनून." विनोदी पिक्चरवर तिचा फार लोभ होता. रडक्या पिक्चरांत तिला रस नसे. ते बायांना घरीच मिळतं, म्हणायची. मात्र विनोदी पिक्चर कुणासाठी चांगला, हे तिनं ठरवायचं ते फक्त वरच्या चेहऱ्यांवरून.

आणि मी तिच्याशेजारी उभी राहून पाहिलं आहे. एका पिक्चरमध्ये विनोदी नट बाईचा वेष घेऊन लपतो. खालीही हसले, वरही हसले. मला वाटलं, चला, इथं तरी सगळ्यांचं जमलं. मावशी म्हणाली, "नाही वं. खालचे त्या लुगड्यावर हसून राहिले. वरच्या त्या माणसावर." आणि खरंच! त्याला निऱ्या सावरेनात, पदर सायकलीच्या चाकात, हातात दूध उतू चाललेलं पातेलं. वरच्या बाया डोळ्यांतून पाणी काढून हसत होत्या. आपण रोज जे विनातक्रार करतो ते एका बाप्याला पाच मिनिटं जमत नाही, हे त्यांना पहिल्यांदा कुणीतरी दाखवलं होतं.

आता तिच्या गोष्टी. आमच्या अंगणात सकाळी अकराच्या सुमाराला, स्वयंपाक उरकला की, आसपासच्या दहा-बारा बाया जमायच्या. यांतल्या बहुतेकींना घरून पिक्चरची बंदी. मावशी त्यांना पिक्चर सांगायची. उभी राहून, हातवारे करून, मोटारीचे आवाज काढून. कोणी निवडायला गहू आणायची, कोणी मूल मांडीवर घेऊन बसायची. शेजारच्या माळ्याची वच्छला हार ओवत ऐकायची, आणि गोष्ट रंगात आली की तिची सुई थांबायची.

त्या दिवसांत एक पिक्चर लागला होता. नायिका वकिलाची मुलगी, शिकलेली, स्वतः मोटार चालवणारी. नायक तिच्या मागे लागतो, चाकातली हवा सोडतो, तिची मोटार रस्त्यात अडवतो. मावशीनं सांगितलं ते असं: "मंग त्यानं हवा सोडली तं तिनं काय केलं? तिनं आपल्या हातानं चाक बदललं! आन् त्याले तिथंच सोडून भुर्रकन् गेली. चालत आला मेला, अकोल्याहून मूर्तिजापूर राह्यते तेवढं. रस्त्यात त्याले अक्कल आली. मंग तो तिच्या घरी गेला आन् तिले सरळ विचारलं. ती म्हणे, विचार करून सांगतो."

"मंग?" बाया एका सुरात.

"मंग काय? पिच्चर संपला."

"आन् लगन?"

"तिचं तिले पाहू द्या नं! तुमाले काहून घाई?"

मी इतकी खूश झाले, की रविवारी तीनच्या खेळाला जाऊन बसले. पिक्चर सुरू झाला. हवा सोडली. आता ही चाक बदलणार म्हणून मी बाकाच्या कडेवर येऊन बसले. कसलं काय! ती रडली. तो गायला. तिनं त्याला चापट मारायला हात उचलला, तो त्यानं धरला. शेवटी त्यानंच तिच्या थोबाडीत मारली, आणि पुढच्या दृश्यात ती डोक्यावरून पदर घेऊन त्याला चहा देत होती. खालून शिट्ट्यांचा नुसता पाऊस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तणतणत विचारलं, "मावशी, तुम्ही सगळं चूक सांगितलं!"

ती भाकरी थापत होती. थांबलीसुद्धा नाही. "चूक मी नाही सांगितलं वं. चूक त्याइनं काढलं."

"पण बायांना खरं वाटतं ना ते!"

"मंग? त्याइनं काढलेलं खाली तीनशे लोकायले खरं वाटते, थे चालते? माह्या अंगनात दहा बायायले माह्यं वाटू दे."

या बाबतीत तिला लाज म्हणून नव्हती. एकदा नवा विनोदी पिक्चर आधी अमरावतीला लागला. आपल्या अंगणाला तो उशिरा कळेल हे तिला सहन होईना. माझ्या सुट्टीच्या दिवशी रजा टाकून, मला घेऊन पहाटेच्या एसटीनं अमरावती गाठली, पिक्चर पाहिला, आणि परतीच्या बसमध्ये बडनेऱ्याच्या पुढे तिनं मला तो दुरुस्त करून सांगायला सुरुवात केली. मागच्या बाकावरच्या बाया पुढे सरकल्या. कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला. सगळी बस ऐकू लागली. एका गृहस्थांना राहवेना. "बाई, मीही सकाळीच पाहून आलो. असं काही नाही त्याच्यात."

मावशीनं वळून त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि फार सभ्यपणे म्हणाली, "तुमी खाली बसले असान."

बसमधल्या बाया अशा हसल्या, की ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं. पदर कुणाच्याही तोंडाशी नव्हता.

इथपर्यंत सगळं गमतीचंच होतं. मग वच्छलाचं प्रकरण झालं.

वच्छला एकोणीस वर्षांची होती. त्यांचा गावाबाहेर फुलांचा मळा होता. ती आणि तिचा भाऊ फुलं तोडत, हार करत, आणि सकाळी ती टोपली घेऊन चौकात विकायला बसे. तोंडानं चुरचुरीत, हिशोबाला पक्की, आणि त्या टोपलीमागे बसलेली असताना तिच्या मानेत एक ऐट असायची. चौकाजवळ एक टायपिंग क्लास होता. तिथला शिकवणारा पोरगा, त्याला सगळे मास्तर म्हणत, असेल चोवीस-पंचवीसचा. केसांचा कोंबडा, सायकलीला दोन घंट्या. तो मोटारीचा पिक्चर त्यानं पाहिला आणि त्याच्या अंगात नायक शिरला. वच्छला निघाली की मागे सायकल. घंटी वाजव, गाणं म्हण, पुढे जाऊन आडवा उभा राहा. "जा नं बापा," ती म्हणायची. तो हसायचा. पिक्चरमधलीही तसंच म्हणते ना!

एक दिवस भर चौकात त्यानं तिच्या टोपलीतला हार उचलून स्वतःच्या गळ्यात घातला आणि नवरदेवासारखे हात जोडून उभा राहिला. "नको म्हटलं ना! ठेव तो!" वच्छला ओरडली. दुकानदार पोट धरून हसले. कापडवाला हसला, पानवाला हसला, दाढी करून घेणारा साबण लागलेल्या तोंडानं हसला.

संध्याकाळी तिच्या भावानं सांगितलं, "लोक हसून राहिले वच्छले. उद्यापासून चौकात मी जातो. तू घरी ओव." एवढ्यावर थांबलं नाही. मोर्शीकडचं एक स्थळ आधी नको म्हणून परत पाठवलं होतं. संत्र्याचा बगीचा, वय चाळिशीचं, पहिली बायको वारलेली, दोन मुलं. त्या स्थळाला भावानं पुन्हा निरोप धाडला.

वच्छला आमच्या अंगणात येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, "मॅडम, हार त्यानं घातला. हासले लोक. आन् घरी मी काहून बसाची?"

मला इतका संताप आला होता, की त्या मास्तरला चौकात जाऊन चार शब्द सुनवावेत असं वाटत होतं. मावशी म्हणाली, "थांब. डोळ्यावर नाही माराची."

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी तिच्याबरोबर चौकातून चालले होते. मास्तर क्लासच्या पायरीवर उभा होता.

"काय मास्तर," मावशी म्हणाली, "पाहिला का मोटारीचा पिच्चर?"

"चार वेळा!" तो खुलला.

"कुठून?"

"खालून. दुसरी रांग."

"वरून पाह्य एकदा. उद्या तीनचा खेळ. मी बसवतो."

त्याला वाटलं बाल्कनी. त्याचा चेहरा असा उजळला, की मला त्या क्षणी त्याची थोडी कीवच आली.

रस्त्यात मी घाबरून म्हणाले, "मावशी, लेडीज क्लासमध्ये पुरुष? बायांना कळलं तर?"

"कळलं तं म्हंजे? मी सांगनार हाय."

आणि सांगितलं! दुसऱ्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा टाकून गेले होते, एवढी उत्सुकता. लेडीज क्लास खच्चून भरलेला. वर पंखा नाही, बाया वर्तमानपत्रानं वारा घेताहेत, लेकरं माठाभोवती. दिवे जायच्या आधी मावशी कठड्यापाशी उभी राहिली. "बायाहो, आज एक मानूस येऊन राहिला. पोरीच्या मागं सायकल घेऊन फिरते. पडद्याकडं पाठ करून, डोळे मिटून बसन. नुसतं आयकन. जिले चालत नसन तिनं हात वर करा, तो पायऱ्यावरूनच वापस जाईन."

एक हात वर झाला नाही. पहिल्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "आन वं त्याले. आमी कुठी त्याले खाऊन राहिलो!" आणि पिक्चर सुरू होण्याआधीच वर पहिलं पोटातलं हसू झालं.

बाजूच्या गल्लीतल्या जिन्यानं मास्तर वर आला, काळा पडदा सरकवून आत पाहिलं आणि समोर सत्तर-ऐंशी बाया! तो मागच्या मागे वळला. मावशीनं जिन्याच्या पायरीवर उजेड टाकला. "वापस जाचं तं हा रस्ता. बसाचं तं हे स्टूल, पडद्याकडं पाठ करून, डोळे मिटून." कोण जाणे, मागे जाण्याची लाज जास्त वाटली असेल. तो तिच्या स्टुलावर बसला, पडद्याकडे पाठ, डोळे गच्च मिटलेले. कोंबड्यातून घाम गालावर उतरू लागला.

नायकानं मोटार अडवली. खाली एकच गडगडाट. शिट्ट्या, बाकांवर थापा. मास्तरच्या ओठांवरही सवयीनं हसू आलं. मग त्याच्या लक्षात आलं असावं, की तो सगळा आवाज खालून येतो आहे. वर कोणीतरी भुईमुगाची शेंग फोडली, ती ऐकू आली. इतकं शांत. त्याचं हसू हळूहळू उतरलं.

पुढे नायिकेच्या घरी पाहुणे येतात. तिची आई घाईनं चहा आणते, आणि पाहुण्यांसमोर ठेवता ठेवता कान तुटलेला कप हलकेच स्वतःच्या बाजूला वळवते. एवढंच. डोळ्याची पापणी लवेल एवढा वेळ. खाली कुणाला दिसलंसुद्धा नसेल. आणि वर काय उसळलं! बाया एकमेकींना चापट्या मारताहेत, "अव माय, माह्या घरचाच कप!" म्हणताहेत, म्हातारीला ठसका लागला. मास्तरनं न राहवून डोळे उघडले. "काय झालं? काय झालं?" शेजारची बाई हसता हसता त्याला सांगू लागली, पण तिला सांगता येईना. तिथं सांगण्यासारखं काही नव्हतंच. ते आपल्या घरी ज्याच्या वाट्याला येतं त्यालाच कळतं. त्यानं पुन्हा डोळे मिटले. चार वेळा पाहिलेला पिक्चर त्यानं पाहिलाच नव्हता, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं.

मग ती थोबाडीत. खाली टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी नाणी फेकली. वर काही नाही. माठाजवळ खेळणारी एक चार वर्षांची पोर आवाजानं दचकून पडद्याकडे वळली. मग सगळ्यांत जवळ बसलेल्या माणसाच्या गुडघ्यावर हात ठेवून तिनं विचारलं, "मामा, तिले काहून मारलं?"

मास्तरनं डोळे उघडले. तोंड उघडलं. ती उत्तराची वाट पाहत उभी राहिली, लहान मुलं उभी राहतात तशी. तो तिच्याकडे पाहत बसला. कोणी तिला हाक मारली नाही. सगळ्या बायांना ते उत्तर ऐकायचं होतं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. खालच्या कुणीतरी मास्तरला लेडीज जिन्यानं वर जाताना पाहून मॅनेजरला सांगितलं होतं. मॅनेजर आला, ओरडला, मास्तर पळाला. मावशीच्या खांद्यावरची बॅटरी तिथल्या तिथे काढून घेतली गेली.

त्या बॅटरीचं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे जीवाला घोर नको. मावशीच्या जागी तिकीटवाल्याचा भाचा उभा केला. बायांनी एकमेकींना निरोप दिले. चौथ्या दिवशी लेडीज क्लासमध्ये सहा बाया होत्या, सहाव्या दिवशी एकही नाही. आणि बाया नाहीत म्हटल्यावर त्यांना घेऊन येणारे नवरे आणि भाऊही खाली दिसेनात. आठव्या दिवशी मॅनेजर स्वतः बॅटरी घेऊन आमच्या अंगणात आला. "मी नियम मोडला, साहेब, माह्यंच चुकलं," मावशी म्हणाली, आणि बॅटरी घेता घेता, "वरती पंखा पायजे." पंखा लागला. पुढे मी बदलून अमरावतीला गेले तोवर तो फिरत होता.

पण मला सांगायची आहे ती त्या आठ दिवसांतली तिसऱ्या दिवशीची दुपार. शनिवार होता, माझी शाळा सकाळची. तीन वाजता मावशी घरी आहे, हे कुणी कधी पाहिलेलंच नव्हतं. ती रिकामा खांदा चोळत ओट्यावर बसली होती. कुंपणापलीकडे वच्छला हार ओवत होती, तिचा भाऊ टोपल्या धूत होता. घंटी न वाजवता एक सायकल येऊन थांबली. मास्तर होता. केस साधे विंचरलेले.

"मावशी, माझ्यामुळं तुमची नोकरी गेली. मी मॅनेजरले सांगून आलो, दोष माझा हाय म्हणून."

"दोष माह्यालाच हाय. लेडीज क्लासमधी पुरुष घ्याचा नाही हा नियम चांगला हाय."

तो गेला नाही. सायकलीच्या मुठी धरून उभा राहिला. "मावशी, मले ती खरंच आवडते. मंग मानसानं विचाराचं तरी कसं?"

"तोंडानं."

"आन्?"

"एकदा."

"आन् नाही म्हणाली तं?"

"तं तुले आयकू येते का नाही, थे समजन."

मावशीनं कुंपणावरून वच्छलाच्या भावाला हाक मारली. मास्तरला पाहताच तो हातातली ओली टोपली टाकून तिरीमिरीत आला. मावशी मध्ये उभी राहिली. "ह्याले तुह्या बहिनीले एक गोठ विचाराची हाय. तुह्यासमोर. उत्तर ती देईन. तू नाही, मी नाही."

वच्छला कुंपणापाशी आली. ओच्यात झेंडूची फुलं, हातात सुई. मास्तरनं सायकल भिंतीला लावली. त्याचा आवाज इतका बारीक निघाला, की मला तो दुसराच कुणी वाटला.

"वच्छलाबाई, मले तुमच्याशी लग्न कराचं हाय. तुमची मर्जी आहे का?"

वच्छलानं त्याच्याकडे पाहिलं. चांगलं सरळ, वेळ घेऊन. मला वाटतं तिनं त्याला तोवर कधी पाहिलंच नव्हतं, फक्त चुकवलं होतं. खरं सांगते, माझ्या मनात आलं, आता ही हो म्हणेल. पोरगा वाईट नव्हता.

"नाही," ती म्हणाली.

आम्ही सगळे थांबलो. भाऊसुद्धा. आता तो पुन्हा विचारणार, हसणार, काहीतरी गाणार, अशी आमच्या सगळ्यांच्या कानांना सवय झाली होती.

"बरं," मास्तर म्हणाला. मग भावाकडे वळून, "चौकात मी जे केलं थे चूक होतं. त्या दुकानदारायले मी सांगीन." त्यानं सायकल घेतली आणि गेला. वळणापर्यंत आम्ही त्याच्या पाठीकडे पाहत होतो. त्यानं मान वळवली नाही.

वच्छला एकदम मावशीकडे वळली. तिचे डोळे असे झाले होते, जणू भर उन्हाळ्यात विहिरीला पाणी लागलं. "मावशी! मी नाही म्हटलं आन् त्यानं आयकलं!"

"मंग? कान हायेत त्याले."

"नाही नं मावशी, पाह्य नं! मी एकदाच म्हटलं! आन् त्यानं आयकलं!" ती हे भावाला सांगू लागली, मला सांगू लागली, जणू आम्ही तिथं नव्हतोच. ओच्यातली अर्धी फुलं खाली सांडली. आणि त्याच दमात, श्वास न घेता, ती म्हणाली, "दादा, तो मोर्शीचाही नको मले."

भावानं तोंड उघडलं. मावशीकडे पाहिलं, तर ती दुसरीकडे पाहत होती. माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं खाली वाकून सांडलेली फुलं गोळा करायला घेतली. एकेक फूल उचलायला त्याला फार वेळ लागला. हातातली ओंजळ बहिणीच्या ओच्यात टाकताना तो म्हणाला, "निरोप परत धाडा लागन." आणि थोड्या वेळानं, "सकाळी टोपली कोन नेईन मंग?"

"मी," वच्छला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती टोपली डोक्यावर घेऊन चौकाकडे निघाली. त्या वेळी मावशी आणि मी दोघी, काहीही काम नसताना, दारात उभ्या होतो.